लिटमसबद्दलचं एक वाक्य

शस्त्रक्रियेला नऊ दिवस उरले होते आणि माझ्या बायकोचे आठ धडे रेकॉर्ड व्हायचे होते. ती जळगावपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात, माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवायची. घशात गाठ निघाली होती. किरणोपचार झाले, गाठ पुन्हा आली, आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर पूर्वीसारखं बोलता येणार नाही, हेही त्यांनी त्याच वाक्यात सांगितलं. तिने फक्त तारीख विचारली. घरी येऊन पुस्तक उघडलं आणि दहावीचे उरलेले धडे मोजले.

"दिवसाला एक," ती म्हणाली. "तुम्ही फोन धरायचा. मध्ये खोकायचं नाही."

मी एका दैनिकात उपसंपादक आहे. कामावर दुपारी चारला जायचं असतं, त्यामुळे सकाळ मोकळी असे. स्वयंपाकघराचं दार लावून, पंखा बंद करून आम्ही बसायचो. धडा झाला की तो मुलांच्या ग्रुपवर जायचा. आम्ल क्षारांचा धडा शेवटचा होता.

तो मी आधी एकदा ऐकला होता. दोन वर्षांपूर्वी तिला घ्यायला शाळेत गेलो असताना, वर्गाबाहेर उभं राहून. फळ्यावर तिने एसटीची बाकं काढली होती, एका बाजूला दोन जणांची, दुसऱ्या बाजूला तिघांची.

"गंधकाम्ल म्हणजे दोघांचं बाक. दोन हायड्रोजन बसलेत. सोडियम गाडीत चढला. दोघांनाही उठवलं, तर सामान्य क्षार. एकालाच उठवलं आणि एक बसून राहिला, तर आम्ल क्षार. आम्लातला हायड्रोजन अजून जागेवर आहे, म्हणून हे नाव."

"मॅडम, उठवलेला कुठं जातो?" मागून एकाने विचारलं.

"हायड्रॉक्साइडचा हात धरून खाली उतरतो. पाणी होतं त्यांचं."

"लव्ह मॅरेज!" वर्ग हसला.

"हसा. पण हायड्रोक्लोरिक आम्लाचा आम्ल क्षार होईल का, ते सांगा."

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. "नाही होणार. ती कंडक्टरची सीट आहे, मॅडम. एकच हायड्रोजन. उठला की संपलं."

मग बायकोने कागदाची पुडी उलगडून पांढरी पूड दाखवली. शून्य-बावन्न-चौतीस. केळीच्या ड्रिपमधून सोडायचं खत. त्या वर्गातल्या बहुतेक घरांत त्याची गोणी असते. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. फॉस्फोरिक आम्लाच्या तिघांच्या बाकावरून एक उठला, दोन अजून बसलेले. पाण्यात विरघळवून तिने निळा लिटमस बुडवला, तो लाल झाला.

"आमच्या नानांनी कालच सोडलं," मागचा मुलगा म्हणाला. "आता केळी आंबट लागणार का?"

"तुझे नाना तुझ्यापेक्षा हुशार आहेत. मोजून सोडतात."

रेकॉर्डिंगच्या दिवशी बाकं होती, कंडक्टर होता, खताची पूड होती. आवाज मात्र घासल्यासारखा येत होता. दर चार-पाच वाक्यांनी ती थांबायची, कोमट पाण्यात मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घालून गुळण्या करायची, डॉक्टरांनी सांगितलेलं. धड्यातलं शेवटचं उदाहरण सोड्याचंच होतं. सोड्याचा डबा समोर होता. तिने तो फोनजवळ आणून टकटक वाजवला आणि उदाहरण सांगितलं. शेवटी म्हणाली, "कळलं का?" मी बटण बंद केलं, धडा एकदा पूर्ण ऐकला. आवाज स्वच्छ आला होता. पाठवून दिला.

शस्त्रक्रिया धुळ्याला झाली. तिचं माहेर दोंडाईचा, तिथून तिचा भाऊ रोज डबा घेऊन यायचा. अतिदक्षता विभागातून तिला बाहेर आणलं त्या दिवशी तो पलंगाजवळ वाकला आणि नेहमीसारखं अहिराणीत म्हणाला, "अक्का, बठ्ठं ठीक शे ना?" आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. तिने मान हलवली. तो तसाच उभा होता. मग लक्षात आल्यावर डबा उघडण्याच्या निमित्ताने वळला.

घरी आल्यावर मी तिला ऑफिसातले पाठकोरे कागद आणून देऊ लागलो. एका बाजूला जुन्या बातम्यांची प्रुफं, दुसऱ्या बाजूला तिचं बोलणं. भाजीत मीठ कमी. खिडकी लावा. गळ्यावरच्या छिद्राची जाळी बदलायची आहे.

तिसऱ्या आठवड्यात तिच्या फोनवर एक फोटो आला. पाठवणारी यंदाच्या दहावीतली, पहिल्या बाकावरचीच एक मुलगी. हळद लावलेला कागद, मधोमध तांबूस डाग. खाली लिहिलं होतं: "मॅडम, लिटमस नव्हता म्हणून हळद वापरली. सोड्याचं पाणी टाकल्यावर लाल झाली. म्हणजे सोडा आम्लारिधर्मी ना? तुम्ही निळा लिटमस लाल होतो सांगितलं. माझं काय चुकलं?"

बायकोने धडा लावला. शस्त्रक्रियेनंतर स्वतःचा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. सोड्याच्या वाक्यावर तिने थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. मग लिहिलं: मुलीचं बरोबर.

तिने मला समजावून दिलं, दोन कागद भरून. कार्बनिक आम्ल दोघांचं बाक. सोड्यात एक हायड्रोजन बसलेला आहे, म्हणून घडणीने तो आम्ल क्षारच. पण कार्बनिक आम्ल दुबळं. पाण्यात गेल्यावर सोडा पाण्याचाच थोडा हायड्रोजन ओढून घेतो, हायड्रॉक्साइड मागे उरतं आणि लाल लिटमस निळा होतो. खाली दोन रेघा मारून लिहिलं: बावीस वर्षं मी मुलांना हेच बजावत आले. नावावर जाऊ नका, तपासून बघा.

मी म्हणालो, शेवटी खुलासा जोडू. आमच्याकडे तसंच करतात.

तिने लिहिलं: चूक पहिल्या पानावर, खुलासा सातव्या. कोण वाचतं? ही थट्टा ती लग्नापासून करत आली होती. पुढे लिहिलं: अर्ध्यात बंद करणाऱ्या मुलाच्या डोक्यात चूकच राहील. वाक्य कापा. त्या जागी तुम्ही बोला.

"तुझा आवाज कापू?"

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. वाक्य कापा.

मी लगेच कापलं नाही. दोन दिवस गेले. कामावरून आलो की जेवणाच्या ताटाशेजारी तोच कागद ठेवलेला असे. रोज कामावर मी दुसऱ्यांची वाक्यं कापतो. घरी मला अकरा सेकंद कापता येत नव्हते. तिसऱ्या सकाळी तिने स्वयंपाकघराचं दार लावलं, पंखा बंद केला आणि मजकूर माझ्यासमोर सरकवला.

मी वाचलं. तिने टेबलावर बोट आपटलं. म्हणजे घाई झाली. पुन्हा वाचलं. पुन्हा टकटक. सोडियम हायड्रोजन कार्बोनेट मी बातमीसारखं वाचत होतो. चौथ्यांदा ती हसली. खांदे हलले, आवाज नाही. पाचव्यांदा टकटक आली नाही. नवा धडा गेला. मुलीला तिने वेगळं लिहिलं: तू तपासलंस. शाबास.

मी विचारलं, कापलेला तुकडा पुसून टाकू का?

तिने लिहिलं: ठेवायचा तर वर 'चूक' असं लिहून ठेवा. कोणाला पाठवू नका.

तो तुकडा माझ्या फोनमध्ये आहे, 'चूक' याच नावाने. आधी डब्याची टकटक. मग ती सांगते की सोडा आम्ल क्षार आहे, म्हणून निळा लिटमस लाल होतो. मग विचारते, कळलं का. आता ती सकाळी शेजारच्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत असते. ऐकताना मी इअरफोन लावतो.