दाबसरांचा खल

दाबसर कधी ओरडत नसत. एखाद्याला मोडायचं असलं की ते आवाज आणखी खाली आणत. मग ऐकू यावं म्हणून त्यालाच पुढं वाकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाच्या कानात ते म्हणत, "तुम्ही दुसरं काहीतरी बघा. दुकान वगैरे."

नाव आम्ही विद्यार्थ्यांनीच ठेवलेलं. सिरियमच्या काही संयुगांत इलेक्ट्रॉन चिखलातून चालल्यासारखे जड होतात. ती संयुगं खूप थंड केली की त्यांतले अणू इवल्या चुंबकांसारखे शिस्तीत उभे राहतात. वरून प्रचंड दाब दिला की ती शिस्त मोडते. मोडते त्या टोकाला काय घडतं, हे शोधण्यात सरांची हयात गेली होती आणि हाताला काही लागलं नव्हतं. "दाबाखाली धातू खोटं बोलत नाही," ते म्हणायचे, "माणसं बोलतात."

शिकवायचे मात्र जीव तोडून. तिळाहून लहान स्फटिक दाबपात्रात ठेवताना श्वास कधी रोखायचा, हे त्यांनी माझा हात धरून शिकवलं. मला ताप आला तेव्हा घरून मुगाची खिचडी आणली, आणि मी खात असताना समोर बसून माझ्या आलेखातल्या चुका काढल्या.

वंदना माझ्यासोबतची, गंगापूरची. वडील गंगापूरच्या रस्त्यावर प्रवासी भरून वडाप जीप चालवायचे. सरांना जे सापडलं नाही ते तिला सापडलं. चुंबकी शिस्त संपली त्याच दाबाला धातूचा विद्युतरोध घसरून शून्याला टेकला. धातू अतिवाहक झाला होता.

सरांनी आलेख पाहिला. "कथिल आहे हे. तारा जोडताना डाग दिलास ना? थंडीत कथिलच असं करतं."

शंका रास्त होती. वंदनानं डाग काढले, चांदीच्या लेपानं तारा चिकटवल्या आणि सगळं पुन्हा मोजलं. रोध तसाच शून्यावर आला.

"सर, आता तर कथिल नायच ना त्यात."

सर उठले. तिचा तुकडा आणि बरणीतला उरलेला स्फटिक त्यांनी खलात टाकला आणि आम्हा सगळ्यांसमोर शांतपणे कुटला. "नमुनाच अशुद्ध आहे. नवा वाढव."

नवा स्फटिक वाढायला महिने लागतात. तो भट्टीत असतानाच परदेशातल्या एका गटाचा शोधनिबंध आला. तोच धातू, तोच दाब, तोच शून्य रोध. सरांनी तो छापून वंदनाच्या हातात दिला. "शुक्रवारी सगळ्यांना समजावून सांग. चांगलं काम कसं असतं ते कळू दे."

तिनं सांगितलं. एकदाही अडखळली नाही. शेवटी सरांनी विचारलं, "यांचे नमुने शुद्ध कशावरून?" ती म्हणाली, "कुणी कुटले नाहीत त्यावरून." आणि पिशवी उचलून गेली. आता ती क्रांती चौकाजवळच्या एका शिकवणीत बारावीला भौतिकशास्त्र शिकवते.

निवृत्तीनंतर सरांना अर्धांगवायू झाला. त्यांनी माझ्याकडून निरोप धाडून वंदनाला बोलावलं. ती येणार नाही असं मला वाटत होतं. पण आली.

"कथिल नव्हतं," सर वाकड्या तोंडानं म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं."

वंदना म्हणाली, "मी लई दिवस समजत राहिले, माझंच चुकलं म्हणून. सर, हे चार माणसांत सांगाल?"

सरांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "नको," म्हणाले.

पावसाळा संपता संपता ते गेले. शोकसभेत त्यांच्या शिस्तीवर, व्यासंगावर भाषणं झाली. माझी पाळी आल्यावर मी खिचडीचं सांगितलं, श्वास रोखण्याचं सांगितलं, आणि मग वंदनाचं नाव घेऊन उरलेलंही सगळं सांगितलं. पहिल्या रांगेतून सरांची मुलगी उठली. माझ्याजवळून जाताना म्हणाली, "बाबा तुम्हाला लेक मानायचे."

"हो," मी म्हणाले. माईक चालूच होता.