सावळखेड फाट्यावरची साडेबाराची गाडी

फेब्रुवारीत शेंदूरजनाघाटच्या बागांत संत्र्याची फुलं उमलतात आणि बसच्या खिडकीतूनही वास येतो, हे अमरावतीत राहून मी पस्तीस वर्षं नुसतं ऐकत होते. चित्रकलेची शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या मैत्रिणीला, शशीताईला, फोन केला. ती म्हणाली, "येते. पण कार नको. बसनं जाऊ, आपल्याला अर्धं तिकीट."

पहिल्या दिवशी अमरावतीला दह्यातला गिला वडा खाऊन निघालो. मोर्शी, वरुड करत दुपारी पोहोचलो. मुक्काम शशीताईच्या मावसबहिणीकडे. संध्याकाळी बघितलं तर एका बागेत फांद्या पांढऱ्याशुभ्र, शेजारच्या बागेत फळांच्या वजनानं वाकलेल्या. वासाबद्दल ऐकलं होतं ते कमीच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं सावळखेडला जाऊन बागा बघितल्या आणि परतीच्या गाडीसाठी साडेअकराला फाट्यावर आलो. निवाऱ्याच्या भिंतीवर रंगानं लिहिलेलं: वरुड, १२.३०. तेवढ्यात हातात प्लास्टिकची फाइल घेतलेली एक तरुण बाई आली.

"वरुडची गाडी किती वाजता हाय जी? पलीकडच्या चहावाल्या मावशीले विचारू का?"

"कशाला? लिहिलंय की भिंतीवर. साडेबारा," मी म्हणाले. आयुष्यभर फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचा लिहिलेल्यावर विश्वास बसतोच.

तिचं नाव कल्पना. तिघी निवाऱ्यामागच्या बाभळीखाली भाकरी-झुणका खायला बसलो. बारा वाजून पाच मिनिटांनी बस आली. रस्त्याला कोणी उभं दिसेना, म्हणून ती थांबलीही नाही.

कल्पना जाणाऱ्या गाडीकडे बघत राहिली. "तुमीच तं म्हटलं साडेबारा." आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. अंगणवाडी मदतनीस म्हणून तिची निवड झाली होती. "मले दोनच्या आत वरुडच्या ऑफिसात कागदं दाखवाचे हायेत. मांगच्या बारीले एक कागद कमी पडला. आजचा शेवटचा दिवस हाय."

पलीकडून मावशी म्हणाली, "आता गाडी तीनले. टाइम बदलून साल झालं. मले पुसाचं ना!"

मी रस्त्यावर हात करून उभी राहिले. दोन मोटारसायकली गेल्या, उलट दिशेला एक ट्रॅक्टर गेला. अर्ध्या तासानं संत्र्याच्या क्रेटनी भरलेला टेम्पो थांबला. ड्रायव्हर म्हणाला, "मांगं बसा लागीन." बसलो. धूळ लागू नये म्हणून कल्पनानं फाइल ओढणीखाली धरली होती. मी रस्ताभर घड्याळ बघत होते. दोनला दहा कमी असताना ती कार्यालयात पळत शिरली. बाहेर पायरीवर बसून शशीताईनं मला एक संत्रं सोलून दिलं, ते मी हातातच धरून बसले.

पाऊण तासानं कल्पना बाहेर आली. "झालं," म्हणाली आणि माझ्या हातातलं संत्रं घेऊन खायला लागली.

त्या दिवशी परत निघायचं होतं, पण आम्ही मुक्काम वाढवला. सकाळी वरुडच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीतल्या माणसानं सगळ्या वेळा शांतपणे सांगितल्या. भिंतीवरच्या वेळा बदलायला सावळखेडच्या सरपंचांची फोनवर परवानगी घेतली, हार्डवेअरच्या दुकानातून रंग घेतला आणि फाटा गाठला. जुनी अक्षरं पुसून मी नवीन लिहायला घेतली, तर मावशी येऊन उभी राहिली.

"टाइम रंगानं लिवू नका. गावाचं नाव बदलत नाही, टाइम बदलते. तिथं खडू चालू द्या."

मग गावांची नावं पांढऱ्या रंगात, वेळांचा रकाना फळ्यासारखा काळा, आणि खडूची पेटी मावशीकडे. तिनं आम्हाला चहा पाजला.

घरी येऊन महिना झाला. तुम्ही जाणार असाल तर एवढंच सांगते: भिंत वाचा, मावशीलाही विचारा आणि बसायचं ते रस्त्यावरून दिसेल असं. मला स्वतःला एक सवय लागली आहे. कोणी काही विचारलं की आधी आठवून बघते, मला हे कधी आणि कोणाकडून कळलं होतं.

परवा कल्पनाचा फोन आला. ती कामावर रुजू झाली. मागोमाग तिनं भिंतीचा फोटो पाठवला. वरुडपुढची माझी वेळ पुसलेली, तिथं खडूनं ११.४५, आणि खाली: शनवारी गाडी नाही. मावशीचं अक्षर तिरपं, ओळ खाली घसरलेली. शाळेत असते तर मी ते परत लिहायला लावलं असतं. फोटो मोठा करून पुन्हा वाचला. सगळं नीट कळत होतं.