राजधानीकडे तोंड

महाजन गुरुजी माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं: "बाई, हलू नका. तुमच्या आग्नेयेला विंचू आहे."

राजपुऱ्यातल्या सरकारी शाळेच्या मराठी वर्गावर मी त्याच सकाळी रुजू झाले होते. आग्नेय म्हणजे नेमकी कुठली बाजू, हे आठवेपर्यंत थांबायचा धीर नव्हता. मी जी उडी मारली ती थेट विंचवाच्या अंगावर. पायात चप्पल होती म्हणून वाचले. विंचू काही वाचला नाही. शिपाई हुसेनभाई धावत आले आणि गुरुजींवरच उखडले. "मास्टरजी, सीधा बोलो ना, दाहिने हाथ को है!" गुरुजींनी शांतपणे उपरणं झटकलं. "उजवा हात त माणूस वळला का वळते, हुसेनभाई. आग्नेय वळत नाही." मग माझ्याकडे बघून, जरा कीव आल्यासारखं म्हणाले, "तुम्हाले शिकवा लागेल."

गुरुजींना उजवं-डावं माहीतच नव्हतं असं नाही. त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पोराच्या गालाला शाई लागली असेल तर ती पश्चिमेकडच्या गालाला लागलेली असे. जेवायला ते नेहमी पूर्वेकडे तोंड करून बसत आणि काकूंकडे उत्तरेची चटणी मागत. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला गेले आणि पाहुणी म्हणून समोरच्या पाटावर बसले. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "बाई, तुमच्या ताटात सगळं उलटं झालं हो. तुमची चटणी दक्षिणेला गेली." त्या चेष्टा करत नव्हत्या. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनाही ती लागण झाली होती.

वर्गात शिरल्यावर गुरुजींचा पहिला हुकूम असे, "राजधानीकडे तोंड करा!" चाळीस पोरंपोरी खाडकन पूर्वेला वळत. पूर्वेच्या भिंतीशी पिण्याच्या पाण्याचं मडकं होतं. त्याच्या मागे भिंत, भिंतीमागे गल्ली, आणि तसंच सरळ चालत राहिलं तर नागपूर, तेव्हाच्या आमच्या मध्य प्रदेशाची राजधानी. हात जोडून "राजधानी नागपूर" म्हणायचं आणि मग खाली बसायचं. याचं कारण विचारलं तर गुरुजी म्हणत, "ज्याच्याकडे अर्ज करायचा, त्याची दिशा त माहीत पाहिजे ना?" पहिलीतली मुलं बराच काळ मडक्यालाच नागपूर समजत.

ती वर्षंच अशी होती, की भूगोल शिकवणाऱ्याला झोप लागू नये. शाळेच्या कापडी नकाशावर संस्थानं पिवळ्या रंगात होती. एकेक संस्थान विलीन झाल्याची बातमी आली, की गुरुजी कुंचला घेऊन स्टुलावर चढत आणि पिवळ्यावर गुलाबी रंग फासत. खालून हुसेनभाई विचारत, "आज कौन गया?" मेल्याची चौकशी करावी तसा तो सूर असे. रंग देऊन देऊन नकाशा इतका जाड झाला, की गुंडाळताना त्याचे पोपडे पडायला लागले.

पण ती संस्थानं दूरची होती. आमच्या पायाखालची सतरंजी ओढली गेली ती राज्यांची नव्यानं मांडणी झाली तेव्हा. नागपूर गेलं मुंबई राज्यात आणि आम्ही राहिलो मध्य प्रदेशात. नवी राजधानी भोपाळ. दक्षिणेला इच्छापूर गावाच्या पुढे दुसरं राज्य सुरू झालं. आमच्यासारख्या नोकरदारांना कागद आले: तिकडे जायचं की इकडे राहायचं, ते लिहून द्या. गुरुजींची एकुलती एक लेक अकोल्याला, म्हणजे तिकडेच, दिली होती. काकूंनी कागद न वाचताच पापडांचे डबे बांधायला घेतले.

गुरुजी गेले तर मराठीचा वर्ग बंद पडणार, हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. मी हाताखालची, माझ्या शब्दाला वजन नाही. मुलं हिंदी वर्गात मिसळली असती आणि मला कुठल्या तरी खेड्यावर धाडलं असतं. ते जाऊ नयेत असं मला फार वाटत होतं. त्यात माझा स्वार्थ होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मी रोज आडून आडून विचारायची. गुरुजी रोज दिशांचा हिशोब सांगायचे. "अकोल्याला गेलो त राजधानी पश्चिमेला. इथं राहिलो त उत्तरेला. म्हणजे पूर्व त दोन्हीकडून गेलीच, बाई. आता मान कुठं वळवली का कमी दुखेल, ते पाहून राहिलो."

तोवर त्यांनी वर्गाला नवी दिशा शिकवायला घेतली होती. उत्तरेला खिडकी होती. खिडकीच्या सरळ रेषेत असीरगड आणि त्याच्याही पलीकडे, जरासं पूर्वेला कलून, भोपाळ. सवय मोडता मोडेना. हुकूम झाला की अर्धा वर्ग मडक्याकडे, अर्धा खिडकीकडे, आणि मधल्या रांगेत टकरी. एका पोरीनं विचारलं, "गुरुजी, मग मडकं पण खिडकीपाशी नेऊन ठिवू का?" गुरुजींनी पंधरा दिवस रोज कवायत घेतली. शेवटी वर्ग तयार झाला.

आणि नव्या राजधानीचे निरीक्षकसाहेब तपासणीला आले. पिकल्या केसांचे, पान खाणारे, फक्त हिंदी बोलणारे गृहस्थ. गुरुजींनी घसा साफ केला आणि गरजले, "राजधानीकडे तोंड करा!"

चाळीस मुलं एका झटक्यात खिडकीकडे वळली. एकही चुकलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडला आणि गुरुजींकडे पाहिलं. ते हात जोडून, डोळे मिटून मडक्यासमोर उभे होते.

कुणीतरी फिसकन हसलं. मग तीच मडक्यावाली पोरगी हळूच म्हणाली, "गुरुजी, उत्तर इकडं हाय." गुरुजींनी डोळे उघडले. उभ्या आयुष्यात त्यांची दिशा कधी चुकली नव्हती, आणि चुकली ती साहेबासमोर. त्यांचा चेहरा बघून मला रडूच आलं.

साहेब उठले. मडक्यातलं पाणी स्वतःच्या हातानं ओतून घेतलं, प्याले आणि म्हणाले, "मास्टरजी, आपकी तो राजधानी बदली है। हमारी तो रियासत ही चली गई। पिताजी वहाँ के दरबार में मुंशी थे। आज भी सुबह उठकर पहले उधर ही देखता हूँ, जहाँ अब कुछ नहीं है।" गुरुजींनी विचारलं, "कौन सी दिशा, साहब?" साहेबांना सांगता येईना. गुरुजींनी गाव विचारलं, नकाशावर बोट ठेवलं आणि त्यांचे दोन्ही खांदे धरून त्यांना ईशान्येला वळवलं. साहेबांनी तिकडे हात जोडले.

जाताना ते एवढंच म्हणाले, "मराठी की कक्षा के लिए कोई माँगनेवाला चाहिए। आप रहेंगे तो मैं लिख दूँगा।"

मुलं गेल्यावर गुरुजींनी माझा टाक मागितला, कागद काढला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, मध्य प्रदेश. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद बहुधा लपला नाही. "हसू नका बाई," ते म्हणाले. "पोरं बराबर वळली, मास्तर चुकला. चुकलेल्या मास्तरनं गाव नसते सोडायचं. बसून शिकायचं असते."

काकूंनी महिनाभर अबोला धरला. मी गेले की माझ्यामार्फत निरोप. "बाई, त्या पश्चिमेच्या खोलीतल्या माणसाला सांगा, भाकरी थंडी होऊन राहिली." मग एक दिवस त्यांनी पापडांचे डबे सोडले आणि त्यातले निम्मे माझ्या घरी पाठवले. मराठीचा वर्ग चालू राहिला. गुरुजी त्याच शाळेतून निवृत्त झाले, आणि शेवटच्या दिवशीही हुकूम देण्याआधी त्यांनी खिडकी कुठे आहे ते एकदा बघून घेतलं.

ते गेले तेव्हा अंगणात गर्दी मावत नव्हती. केळीचे बागाईतदार, माग चालवणारे, कचेरीतले कारकून, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. हुसेनभाई काठी टेकत आलेले. भटजी बाहेरगावचे होते. त्यांनी विचारलं, "पाय दक्षिणेकडे हवेत. दक्षिण कुठली?" अंगणातले सगळे हात एकाच वेळी, एकाच बाजूला उठले. त्यात माझाही होता, आणि या वेळी मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

गुरुजींना नीट ठेवलं गेलं. मान तेवढी पूर्वेकडे कललेली होती. भटजी ती सरळ करायला वाकले, तशा काकू पुढे झाल्या.

"राहू द्या तशीच," त्या म्हणाल्या. "सवय आहे त्यांची."