नव्या फरशीखाली

ती घटना मी विसरायची म्हटली तरी आमच्या घरचा टीव्ही विसरू देत नाही. निवृत्तीनंतर दुपारचं जेवण झालं की सौभाग्यवती गुन्ह्यांची मालिका लावतात आणि मलाही समोर बसवतात. मी बसतो आणि चुका काढतो. पंचनाम्याला पंच नाहीत, आरोपी एका थपडेत कबूल, आणि साहेबांच्या गणवेशाची इस्त्री तीन दिवस मोडत नाही. परवाच्या भागात नवऱ्याने बायकोला मारून घरातल्या नव्या फरशीखाली पुरलं होतं. पाचव्याच मिनिटाला सौ. म्हणाल्या, "नवऱ्यानंच केलंय बघा." हाच भाग मी नोकरीत असताना एकदा पाहिला होता आणि त्याच्या नादाने एका गावात खरीखुरी फरशी उकरली होती.

तेव्हा बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. ठाण्याचं, गावाचं आणि माणसांचं नाव सांगणार नाही. आमचा निम्मा वेळ गोदाकाठच्या वाळूच्या गाड्यांमागे जायचा आणि उरलेला बांधावरच्या भांडणांत. दसरा होऊन गेला होता, ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या बेतात होत्या. अशा दिवसांत एक तिशीतला माणूस आईला घेऊन ठाण्यात आला. बायको तीन दिवसांपासून घरी नाही म्हणाला.

"तीन दिवस काय करत होता?" मी विचारलं.

तो आईकडे बघायला लागला. उत्तर आईनेच दिलं, "पाव्हन्यारावळ्यात बघितलं की, सायेब."

बेपत्ता झाल्याची तक्रार, आमच्या भाषेत मिसिंग, दाखल केली, लग्नातला फोटो घेतला, वायरलेसवर वर्णन पाठवलं. बाईचं वय सव्वीस. पाच वर्षांची मुलगी शाळेसाठी आजोळी ठेवलेली. हवालदाराला माहेरी पाठवलं. तो परत येऊन म्हणाला, "साहेब, आई म्हणते इकडं आली नाही. पण आई रडली नाही." धक्का बसला असेल, असं म्हणून मी ते बाजूला ठेवलं. नवऱ्याचं गप्प बसणं मात्र मला चांगलंच खटकलं होतं. एकदा एक माणूस मनात बसला की बाकीचं सगळं आपण त्याच्या मापाने कापून घेतो. पोलीसही माणूसच.

दुसऱ्या दिवशी खबर आली. खबर देणारी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी एक बाई होती. वय पंचावन्नच्या पुढे, विधवा, मुलं पुण्याला, घरात एकटी. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, मग मीही म्हणायला लागलो. तिने बाकड्यावर बसून पदर सारखा केला आणि त्या मालिकेचा तो भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. ठाणे अंमलदार लेखणी खाली ठेवून ऐकत होता.

"मावशी, मालिकेचं राहू द्या. तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं?"

"मी कायबी म्हनत न्हाई, सायेब. त्येंच्या मागच्या खोलीत नवी शाबादी फरशी बसलीय, येवढंच. ज्या दिशी ती दिसंनाशी झाली, त्याच आठवड्यात."

घरी जेवायला गेलो तर सौ.नी पानावर बसताच विचारलं, "फरशी बघितली का त्या घरातली?" बातमी माझ्या आधी घरी पोचली होती. तो भाग त्यांनीही पाहिला होता आणि मीही त्यांच्या शेजारी बसून अर्धाअधिक पाहिला होता. आता हे कबूल करायला हरकत नाही.

गावात गेलो. फरशी नवीच होती, सिमेंटही ओलसर वाटलं. नवऱ्याला ठाण्यात आणून समोर बसवलं.

"फरशी का घातली?"

"घुशी लई झाल्यात, सायेब. ऊसतोडीला गेलं की सा म्हैने घर बंद ऱ्हातंय. समदी ज्वारी खात्यात."

"याच आठवड्यात बरी सुचली?"

"गवंडी तवाच गावला."

"बायकोशी भांडण कशावरून झालं?"

तो खाली बघत राहिला. बाहेरून आईचा आवाज आला, "भांडन कसलं? सोन्यावानी नांदत व्हती!" मी तिला गप्प केलं आणि तोच प्रश्न चार वेळा विचारला. त्याच्या कपाळावर घाम आला, पण तोंड उघडलं नाही. इतर सगळ्या प्रश्नांना सरळ उत्तरं देणारा माणूस या एकाच प्रश्नाला मुका होतो, म्हणजे पाणी इथेच मुरतंय, हे मी ओळखलं. ओळखलं ते खरं होतं, अर्थ मात्र साफ चुकीचा लावला.

संध्याकाळी मावशीच्या ओट्यावर तिचा जबाब घ्यायला बसलो. आत टीव्ही मोठमोठ्याने चालला होता. आवाज कमी करा म्हटलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सायेब, मला कमी ऐकू येतंय." पण मी शिपायाशी हळू बोललेला शब्दन् शब्द तिला कळत होता. हे मी टिपलं आणि सोडून दिलं. चहा देताना तिने विचारलं, "उकरनार कवा?" जाताना पुन्हा तेच. मला वाटलं, बाईला तमाशा बघायचा आहे.

फरशी उकरायची म्हणून तहसीलदारांना पत्र गेलं. पुढच्या सकाळी नायब तहसीलदार, दोन पंच, छायाचित्रकार आणि आठ पोलीस घेऊन आम्ही त्या घरात शिरलो. सगळं गाव लोटलं होतं. माणसं घरांच्या माळवदांवर, पोरं भिंतीवर, आणि शेतं मोकळी. आमचा सगळा बंदोबस्त त्या एका दारात उभा. तीन फूट खणलं, चार फूट खणलं. निघालं काय, तर घुशीचं लांबलचक बीळ आणि त्यात ओढून नेलेली कुणाची तरी चप्पल. पंचांनी तीही पंचनाम्यात लिहिली. नायब तहसीलदार रुमालात हसत होते. त्या दिवशी मला जमिनीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं वाटलं.

नवऱ्याला सोडावं लागलं, फक्त गाव सोडून जाऊ नको असं बजावलं. पण गावाने त्याला सोडलं नाही. फरशीखाली नाही तर विहिरीत टाकली असेल, असं बोलणं सुरू झालं. पिठाच्या गिरणीत त्याचं दळण कोणी घेईना. बाई सापडली नाही तर या माणसाचा गाव जीव घेईल, अशी मला खरोखर भीती वाटू लागली.

तिसऱ्या दिवशी त्याचा मुकादम ठाण्यात आला. मुकादम म्हणजे कारखान्यासाठी टोळी जमवणारा माणूस. तो वैतागलेला होता.

"सायेब, ह्याला आत ठिवा न्हाईतर टोळीसंगं सोडा, पर कायते येकदा सांगा. ह्यो अर्धा कोयता घिऊन मी काय करू?"

आमच्याकडे कोयता म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळी बांधून गाडीवर चढवायची. एकट्याला कोणी टोळीत घेत नाही. मी सहज म्हटलं, "त्याला दुसरी जोड बघा."

"सोपं हाय का? तिच्या भावाचीबी तीच गत झालती. बायकू बाळंतपनाला बसलेली. पर त्याला आयत्या टायमाला गावली म्हनं कुनीतरी. परवा गेला त्यो दुसऱ्या टोळीत."

परवा म्हणजे आम्ही फरशी उकरली तो दिवस. मी मुकादमाला तिथेच बसायला सांगितलं आणि त्या टोळीचा ठावठिकाणा लिहून घेतला. बाई जिवंत असेल आणि तिला गाव सोडायचं असेल, तर या दिवसांत तिला कुणाचा तरी अर्धा कोयता होऊनच जाता येणार होतं. इतकी वर्षं या जिल्ह्यात काढून ही गोष्ट मला मुकादमाने सांगावी लागली.

महिला शिपायाला बरोबर घेऊन निघालो. मांजरसुंब्याला ढाब्यावर फोटो दाखवला. ढाबेवाला म्हणाला, "टोळी उतरली व्हती चहाला. ह्या बाई गाडीतच बसून ऱ्हायल्या. भाऊ वर चहा देत व्हता." मग कुठेही न थांबता पश्चिमेकडच्या एका कारखान्याच्या हद्दीतला उसाचा फड गाठला. उन्हं चढली होती. भाऊ ऊस तोडत होता आणि ती मोळी बांधत होती. आम्हाला बघून तिने हातातलं उसाचं वाढं खाली टाकलं नाही. मला मात्र इतकं हायसं वाटलं की मी बांधावरच बसलो.

महिला शिपायाने तिचा जबाब घेतला. सासरचे तिची गर्भपिशवी काढायच्या मागे लागले होते. दर महिन्याला चार दिवस कामाला खाडा नको म्हणून. दवाखान्याची तारीखही ठरली होती. नवरा ज्या प्रश्नाला मुका होत होता, त्याचं उत्तर हे होतं.

"मला आजून येक लेकरू पायजे," ती म्हणाली. "आन नसलं पायजे तरी प्वाट माझं हाय की न्हाई?"

"गावातून निघालीस कशी? आम्ही सगळे रस्ते पाहत होतो."

ती पहिल्यांदा हसली. "तुमी फरशी उकरत व्हता तवाच गेलते की, सायेब. गावात कुत्रंबी नव्हतं."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशीचा तो मोठ्याने लावलेला टीव्ही, ते कमी ऐकू येणं, "उकरनार कवा?" मी ओट्यावर चहा पीत होतो तेव्हा बेपत्ता बाई भिंतीपलीकडे, दहा हातांवर बसली होती.

बाई सज्ञान, स्वतःच्या मर्जीने गेलेली. कायद्याने मिसिंग तिथे संपली. ती म्हणाली, "गावात मी मेले आसंच ऱ्हाऊ द्या." मी सांगितलं, ते जमणार नाही, तुझ्या नवऱ्याच्या जिवावर बेतेल. पत्ता मात्र कुणाला देणार नाही. नवऱ्याला बोलावून एवढंच सांगितलं की ती जिवंत आहे आणि यायला तयार नाही. तो मटकन खाली बसून रडला. आई म्हणाली, "आता कोयत्याचं काय?"

त्यानंतर मी मावशीकडे गेलो ते तावातावाने. पोलिसांची दिशाभूल केली म्हणून चांगलं झापणार होतो. टीव्ही बंद होता आणि तिला सगळं नीट ऐकू येत होतं.

"खोटं काय बोलले मी?" ती म्हणाली. "फरशी नवी व्हती का न्हाई?"

"मावशी, तिला त्रास होता तर सरळ ठाण्यात आणायचं. आम्ही कशाला बसलोय?"

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, "आलती की. पोळ्याच्या आदल्या दिशी. दवाखान्याची चिठ्ठी घिऊन तुमच्या बाकड्यावर बसली व्हती, हिरव्या लुगड्यात. तुमी तिच्यासमोरून गेलते, सायेब. नवऱ्याला फोन करून त्येच्याच संगं घरी धाडली तिला. जिती आलती तवा कुनी इचारलं न्हाई. मेली म्हनलं तर दोन जीपा घिऊन आले. मग कावून सांगू न्हाई मी मेली म्हून?"

ठाण्यात येऊन स्टेशन डायरी काढली. त्या दिवसाला दुसऱ्या दिवशीच्या बैलांच्या मिरवणुकीच्या बंदोबस्ताची नोंद होती, बाईची नव्हती. पण मला आठवलं. हिरवं लुगडं, हातात घडी घातलेला कागद. अंमलदार म्हणाला होता, "घरगुती आहे, साहेब." आणि मी चालता चालता म्हणालो होतो, "समजावून पाठवा." लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. मावशीवर मी काहीही कारवाई केली नाही.

परवा तो भाग संपल्यावर सौ. विजयी मुद्रेने म्हणाल्या, "बघा, नवराच निघाला."

"ती बाई मरायच्या आधी कधी ठाण्यात गेली होती का, ते दाखवलं का?"

"ते कशाला दाखवतील?"

खरं आहे. तपास बाई मेल्यावर सुरू होतो, मालिकेतही आणि आमच्याकडेही. त्या प्रकरणानंतर नोकरीची जेवढी वर्षं उरली होती, त्यांत बाकड्यावर बसलेल्या एकाही बाईला मी स्वतः विचारल्याशिवाय परत जाऊ दिलं नाही. पण त्याआधी किती जणी तशाच उठून गेल्या, हे मला सांगता येत नाही. त्यांची नोंद कुठल्याच डायरीत नाही.