हाटकेशचा बंद पडलेला कट्टा

नाशिकहून निघाले तीच भांडायच्या तयारीने. भांडण होतं सुधीरशी, आणि ते मी कित्येक वर्षं मनात घोळवत होते.

आधी कट्टा म्हणजे काय ते सांगते, नाहीतर म्हणाल, ही बाई कुठल्या कट्ट्यावर बसायची! एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास मी दादरला एकटी राहायचे. सुधीरने मीरा रोडला हाटकेशमधल्या घरी टेलिफोनला मॉडेम लावून कॉम्प्युटर चालू ठेवला होता. आपल्या कॉम्प्युटरवरून त्या नंबरला फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपले लिहायचे, लाइन सोडायची. फोन एकच, म्हणून एका वेळी एकच माणूस, बाकीच्यांना एंगेज. हाच आमचा कट्टा. तिथे मी 'मिरची', शशांक 'प्यादं', जयेश 'गोटी'. एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, पण मला ताप आला की चौकशी आधी तिथे व्हायची. आणि एके दिवशी कट्टा बंद! ना निरोप, ना कारण. पुढे नंबरही बदलला. मी रडले होते, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात शशांक कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला, तो नेमका सुधीरच्या दुकानात. बोलता बोलता उलगडा झाला, दोघांनी मिळून मला आणि जयेशला शोधून काढलं आणि सुधीरने आम्हा तिघांना रविवारी जेवायलाच बोलावलं.

काशीमिऱ्याला एसटीतून उतरून रिक्षा केली. "हाटकेश में किधर, मॅडम?" मी तोऱ्यात बिल्डिंगचं नाव सांगितलं. त्याने सोडलं ते छोट्या कारखान्यांच्या गाळ्यांपुढे. रविवार असूनही आत पत्रे ठोकणं चाललेलं. त्याच नावाची दुसरी बिल्डिंग मागच्या रस्त्याला निघाली. घामाघूम होऊन पोचले, तर दारात ताडमाड उंच माणूस. "मी प्यादं," तो म्हणाला. मागून टक्कल पडलेला जयेश: "मिरची, तू तो एकदम सीधीसादी दिसतेस!"

सुधीरच्या आई मूळच्या रत्नागिरीकडच्या. ताटात कुरकुरीत मांदेली, भात, सोलकढी. "खा गो बाय, लाजू नको." लाजतंय कोण? आम्ही सगळे एकदम बोलत होतो, कोणाला म्हणून एंगेज लागत नव्हतं. सुधीर मात्र वाढण्यातच गुंतला होता.

शेवटी मी तोंड उघडलंच. "काय रे, फोनवरचा कट्टा असा तडकाफडकी बंद का केलास?"

उत्तर आईंनी दिलं. "त्या फोनाचं नाव नको काढू. सारखा बिघडायचा मेला. आमचे हे गावाला गेलेले, तिथेच अचानक वारले. फोन बंद, म्हणून कळलंच नाही. मला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही."

सुधीरने उठून हात धुतले. "चला, भाईंदरच्या डोंगरी गावाला जाऊन येऊ."

भाईंदर पश्चिमेहून बस मिळाली. वाटेत मिठागरं, पांढऱ्या ढिगांवर झावळ्या टाकलेल्या. मग रस्ता वळणावळणाचा झाला आणि सुक्या मासळीचा वास खिडकीतून आत आला. डोंगरीला उतरून आम्ही चिंचेखाली बसलो. टोपली घेऊन चाललेल्या एका बाईने विचारलं, "कोनाकडं आलाव?" फिरायला, म्हटलं. "हितं फिराया काय हाय?" ती हसत पुढे गेली.

"फोन बिघडला नव्हता," सुधीर म्हणाला. "रविवारी दिवसभर कट्टा चालू असायचा. बाबा गेले त्या रविवारी सकाळी मी आईला घेऊन वसईला गेलेलो, दुपारी लवकर परतलो. काका दुपारभर गावातल्या बूथवरून फोन लावत होते. दर वेळी एंगेज. रात्री तार आली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. फोन बिघडला होता, असं आईला मीच सांगितलंय."

माझं भांडण कुठच्या कुठे गेलं.

जयेशने खाली बघत विचारलं, "त्या दुपारी लाइनवर कोण होतं?"

"कुणीतरी एकच होतं, दुपारभर. वसईहून आलो तर स्क्रीनवर नाव होतं."

"मीच असणार," शशांक म्हणाला. "रविवारी मी मोठ्या फाइली उतरवायचो."

"अरे, मैं भी वही करता था!" जयेश म्हणाला.

"गप्प बसा रे. दादरला एकटी कोण पडलेली असायची?" मी म्हटलं.

सुधीर आमच्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "सांगणार नाय. तुम्ही तिघांनी मिळून विचारलंत तरी नाय. चला, बस येतेय."

संध्याकाळी आईंनी डब्यात मांदेली बांधून दिली आणि "परत ये गो" म्हणत माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला त्यांच्याकडे नीट बघवेना.

नाशिकच्या एसटीत तो रविवार आठवायचा खूप प्रयत्न केला. नाही आठवला. ते नाव कदाचित माझं असेल, कदाचित नसेल. ते नाव त्याने इतकी वर्षं एकट्याने गिळून ठेवलं, त्या माणसालाही आज पोटभर जेवू घातलं, आणि मी त्याला जाब विचारायला गेले होते.