डक्टमधलं नेचं

आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. घाटकोपरच्या जुन्या सोसायटीत राहिलेल्या कुणालाही हा डक्ट वेगळा सांगायला नको. चारी बाजूंनी भिंती, भिंतींवर पाइप, तळाला कुणाकुणाचे पडलेले चिमटे आणि फडकी. त्या खिडकीतून मी वर्षानुवर्षं फक्त फोडणीचा धूर बाहेर घालवला. तिथे बघण्यासारखं काही असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

ते बघितलं सासूबाईंनी. सासरे गेल्यावर आम्ही त्यांना मालवणजवळच्या गावाहून इकडे आणलं, पण त्यांचा जीव इथे रमेना. कापडी पिशवी खाटेखाली भरलेलीच असायची. "सोमवारी जातंय," म्हणायच्या. कुठल्या सोमवारी, ते विचारायची सोय नव्हती. गावच्या घरी त्यांना एकटं ठेवायची आम्हाला भीती वाटायची, आणि इथे मी दिवसभर अंधेरीला ऑफिसात, नवरा त्याच्या कामावर. त्या आणि टीव्ही. टीव्हीवरच्या बायका उठसूट रडतात म्हणून तोही त्यांनी बंद करून टाकला.

एका सकाळी मी डबा भरत होते आणि त्या सिंकपाशी तांदूळ धूत होत्या. एकदम ओरडल्या, "गो, ह्यां हय कसां इलां?"

मला वाटलं पाल. ग्रिलला नाक लावून पाहिलं, तर खिडकीच्या थोडं खाली, आमच्या सिंकचा पाइप वळतो तिथे, प्लॅस्टरच्या फटीत एक नेचं उगवलं होतं. काळे बारीक देठ आणि दोन्ही बाजूंना मसूरडाळीएवढी पानं. एवढंसंच, पण हिरवंगार. सासूबाईंना त्याचं नाव माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी तो बावीतला पाला. बाव म्हणजे त्यांची विहीर.

मग हळूहळू ती विहीर आमच्या घरात आली. लग्न होऊन त्या सासरी आल्या तेव्हा घरभर माणसं, घडीभर टेकायला जागा नाही. पाणी काढायला गेलं की तेवढंच एकटं उभं राहायला मिळायचं. दोरी सोडायची, आत वाकायचं, आणि दगडांमधून उगवलेला हा पाला बघत राहायचं. "थंय कोण इचारीत नाय, काय गो बघतंस," त्या मला म्हणाल्या. ते ऐकताना मला माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवलं, आणि माझी सासू मला पहिल्यांदा मैत्रिणीसारखी वाटली.

त्यांनी खिडकीपाशी स्टूल ओढून घेतलं. भाजी निवडणं, लसूण सोलणं, सगळं तिथेच. काही दिवसांनी पिशवीतली लुगडी कपाटात गेली. सोमवारचं नाव निघेनासं झालं. एका नेच्याने जे केलं ते मला आणि नवऱ्याला मिळून जमलं नव्हतं, याचा मला जरा रागही आला आणि बरंही वाटलं.

मग खालच्या काकू वर आल्या. आमच्या बरोबर खाली राहतात, मूळच्या अकोल्याकडच्या, आयुष्यभर पोस्टात नोकरी केलेल्या. बोलणं सरळ. "अगं, तुझं किचन माझ्या हॉलमध्ये उतरलंय. भिंत ओली झाली, पोपडे पडायला लागले. जयंतीला माझ्या माहेरची सगळी येणार. त्याआधी मला ती भिंत रंगवायची आहे."

मी खाली जाऊन पाहिलं. डक्टलगतच्या ज्या भिंतीवर बुद्धांची तसबीर, तिथेच ओलीचा मोठा डाग. काकूंनी तसबीर उतरवून खुर्चीवर ठेवली होती. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावला.

त्याने खिडकीतून एकदा डोकावलं आणि हसला. "मॅडम, शोधायचं काय त्यात? हिरवं दिसतंय तिथेच लीकेज." पाइपच्या वळणावरचा एल्बो बदलला. फट बुजवण्यासाठी झाड उपटायला हात घातला तर सासूबाई पाठीशी उभ्याच. "तेका हात लावशीत तर बघ!" तो गुपचूप मागे सरला आणि नेचं वाचलं.

पण पाणी बंद झालं होतं, आणि वर उन्हाळा तोंडावर. खाली काकूंची भिंत वाळत गेली, वर नेचं. पानं आत वळली, मग तपकिरी झाली. काकूंनी रंग दिला, खूश झाल्या, मला बोलावून दाखवला. मी वर आले तर खाटेवर कापडी पिशवी आणि तिच्यात एक लुगडं.

आणि मग नेचं परत हिरवं झालं. काय चिवट जात आहे, म्हणून मी कौतुकाने ऑफिसातही सांगितलं. त्याच आठवड्यात काकू आल्या. नव्या रंगावर जुना डाग. या वेळी त्या चिडल्या नव्हत्या, रडवेल्या झाल्या होत्या, आणि ते मला जास्त लागलं. मी प्लंबरला फोनवर धारेवर धरलं. तो शपथेवर सांगत होता की त्याचा एल्बो ठणठणीत कोरडा आहे.

दाढ दुखायला लागली म्हणून एकदा दुपारीच घरी आले. सासूबाई ग्रिलमधून खांद्यापर्यंत हात बाहेर काढून उभ्या. हातात मोडक्या झाडूची काठी, काठीला सुतळीने बांधलेली डवली. डवली म्हणजे करवंटीचा डाव. त्यातून तांदळाचं धुवण अगदी नेमकं नेच्याच्या मुळाशी चाललं होतं. सगळा उलगडा तिथेच झाला. दाढ विसरून मी खाली बसले. हसावं की ओरडावं, कळेना.

"ह्यां पानी भितीत जाता? माका काय ठाव!" त्या म्हणाल्या. काकूंच्या भिंतीचं मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं; ते ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. चांगलं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, चल खाली. इतक्या महिन्यांत त्या काकूंच्या घरी पहिल्यांदाच जात होत्या.

"तां पानी मी घातलंय," त्यांनी दारातच सांगून टाकलं. "प्लंबराचो दोष नाय."

काकू बघतच राहिल्या. "मावशी, भिंत आहे ती माझी. कुंडी नव्हे."

सासूबाईंनी मग आत बसून विहीर सांगितली. दोरी, वाकून बघणं, आतला पाला, सगळं. काकूंनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "विहिरीच्या आत काय उगवतं ते मला काय माहीत, मावशी. आमच्या गावात आम्हाला वाकून बघायची सोय नव्हती. आई कळशी घेऊन लांब उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी."

जुन्या गोष्टी झाल्या त्या, असं काहीतरी माझ्या जिभेवर आलं होतं. नशीब, तोंडातून निघालं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या बावीरय तसांच होतां. मीच वतलंय कितीदा. वरसून."

काकूंनी मान हलवली. ते ठीक आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि म्हणायलाही नको होतं. थोड्या वेळाने उठल्या आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडली. "या इकडे. दाखवा तरी कुठलं ते." दोघी ग्रिलला डोकी लावून वर बघायला लागल्या.

"हे होय! भांडी घासताना रोज दिसतं मला. शेवाळ समजत होते मी."

निकाल काकूंनीच दिला. प्लंबरने छिन्नीने प्लॅस्टरच्या तुकड्यासकट नेचं काढलं, काकूंनी ते कुंडीत बसवलं आणि कुंडी स्वतःच्या ग्रिलमध्ये ठेवली. "माझ्याकडेच राहील. तुमच्या हाताचा भरवसा नाही, मावशी." भिंत आम्ही पुन्हा रंगवून दिली. जयंतीला सासूबाई नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या घेऊन खाली गेल्या आणि अकोल्याच्या पाहुण्यांत जेवून आल्या. पिशवी आता माळ्यावर आहे.

नेचं बरेच दिवस रुसलं होतं. गेल्या रविवारी जेवायला बोलवायला मी खाली गेले, तर दोघी खिडकीपाशी. एक नवा कोंब वर आला होता, अजून गुंडाळलेला. सासूबाईंच्या हातात त्यांची डवली, काकूंच्या हातात तांब्या. काकू डवलीत पाणी ओतत होत्या.

"पुरे?" काकूंनी विचारलं.

"वाईच आणखी," सासूबाई म्हणाल्या, आणि डवली पुढे धरून थांबून राहिल्या.