बालवर्गात पास झालेले नाना

नातवंडांच्या हातातून मोबाईल ओढून घेणारे आजोबा धुळ्यात गल्लोगल्ली सापडतील. पण मोबाईलमधली बालवर्गाची परीक्षा आधी स्वतः देऊन, तीत पास होऊन, मगच तो नातींच्या हातात देणारा आजोबा अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो देवपुरात माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. आम्ही त्यांना नाना म्हणतो. विजेच्या खात्यात वायरमन म्हणून उभा जन्म खांबांवर चढण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर जमिनीवर आले तर समोर दोन नाती. मुलगा सोनगीरच्या अलीकडे महामार्गावर एका कारखान्यात, सून रोज बसने शिंदखेड्याला कचेरीत, नानी दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. त्यामुळे सात वर्षांची थोरली आणि पाच वर्षांची धाकटी दुपारनंतर पूर्णपणे नानांच्या ताब्यात, किंवा खरं सांगायचं तर नाना त्यांच्या.

कुणीतरी त्यांना सांगितलं की लहान मुलांना शिकवणारी ॲप मोबाईलवर फुकट मिळतात. फुकट म्हटल्यावर नानांना आनंद व्हायच्या ऐवजी संशय आला. मीटर बसवण्याआधी तपासावा तसं ते एकेक ॲप तपासू लागले. चष्मा कपाळावर चढवून, ओट्यावर मांडी घालून, 'बदक कुठे आहे?' या प्रश्नावर ते पूर्ण गांभीर्याने बदक शोधत. उत्तर बरोबर आलं की मोबाईलमधली बाई टाळ्या वाजवून 'शाब्बास' म्हणे, आणि नाना मान तुकवून तिला 'धन्यवाद' म्हणत. इंग्रजी अक्षरांच्या परीक्षेत ते तीनदा नापास झाले. चौथ्यांदा पास झाले त्या संध्याकाळी मला बोलावून पडद्यावरचा सोनेरी कप दाखवला आणि चहा पाजला.

त्यांच्या परीक्षेत मात्र बरीच ॲप नापास झाली. एकात भाज्या रंगवायच्या होत्या. थोरलीने वांगं हिरवं रंगवलं आणि ॲपने फुली मारली. वांगं म्हणे जांभळंच असतं. भरताची हिरवीगार वांगी खाऊन वाढलेल्या माणसाने हा अपमान कसा सोसावा? नाना तडक बाजारात गेले, हातभर लांब हिरवं वांगं आणलं, मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून काही वेळ उभे राहिले, आणि मग ते ॲप काढून टाकलं. जाहिरातींच्या बाबतीत मात्र ते फार सोशिक. मधेच साबणाची जाहिरात लागली की आपण ती बंद करायला बोट पुढे करतो. नाना नातींचा हात धरून ती शेवटपर्यंत बघायला लावत. मी एकदा कारण विचारलं. "फुकटमा शिकाडस तो," नाना शांतपणे म्हणाले, "आन् आपण त्यानी जाहिरात बी देखानी नही?"

नियम एकच होता: मोबाईल पंधरा मिनिटं, आणि त्यात जे दिसलं ते नंतर तासभर हाताने करायचं. आकडे शिकले की कपड्यांचे चिमटे मोजायचे, गोल-चौकोन शिकले की घरातली झाकणं आणि डबे शोधायचे. माझा फ्यूज उडाला म्हणून एका दुपारी मी त्यांच्याकडे गेलो, तर भर उन्हाळ्यात नाना पांढऱ्या बनियनवर काळा रेनकोट घालून, टाचा जुळवून अंगणात डुलत चालले होते आणि मागून दोघी नाती. त्या दिवशी धडा पेंग्विनचा होता. माझा फ्यूज बसवायलाही ते तसेच आले.

हे सगळं मी हसत हसत सांगत राहिलो असतो. पण त्या हिवाळ्यात धाकटीच्या बालवर्गातून बोलावणं आलं. मुलगी मागे पडते, विचारलेल्याचं उत्तर देत नाही, आपल्याच नादात असते. आणखी एक वर्ष त्याच वर्गात बसवा, असं बाईंनी सांगितलं. सून घरी आली ती डोळे पुसतच. इतके दिवस मनात साठलेलं तिने त्या संध्याकाळी बोलून टाकलं, की या मोबाईलनेच पोरीचं डोकं बधिर केलंय, उद्यापासून घरात तो नको. नानांनी फक्त आठ दिवस मागितले.

त्या आठ दिवसांत पेंग्विन नव्हता, चिमटे नव्हते. नाना एक रेघी वही घेऊन धाकटीशेजारी बसत आणि तिच्या प्रत्येक उत्तरापुढे बरोबर किंवा चूक अशी खूण करत. चौथ्या दिवशी वही घेऊन ते माझ्याकडे आले. चित्र बघून उत्तर द्यायचं होतं तिथे पोरीचं एकही चुकलं नव्हतं. आवाज ऐकून प्राणी ओळखायचा, शब्द ऐकून चित्रावर बोट ठेवायचं, तिथे पान चुकांनी भरलेलं. मग नानांनी तेच प्रश्न मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवून विचारले होते, आणि चुकांच्या जागी बरोबरच्या खुणा आल्या होत्या. शेवटी ते तिच्या पाठीमागे उभे राहून हळूच तिच्या नावाने हाक मारत राहिले होते. तिने मान वळवली नव्हती.

"पोरनं डोकं बराबर शे," नाना म्हणाले. "बठ्ठं, सगळं समजस तिले. तिले ऐकूच येत नही."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर शोध लागल्याचा आनंद नव्हता. हाक मारूनही येत नाही म्हणून आपण तिला हट्टी म्हटलं, एकदा तर कोपऱ्यात उभं केलं, हे त्यांनी खाली बघत मला सांगितलं.

सुनेने ती वही पानोपान पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि सगळे कानाच्या डॉक्टरकडे गेले. सारख्या सर्दीने दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. काही आठवडे औषधं झाली, त्याने भागेना म्हणून एक छोटं ऑपरेशन झालं. ऑपरेशननंतरची तपासणी होऊन परत येताना, पांझरा नदीच्या पुलाकडे वळण्यासाठी रिक्षावाल्याने वळणाचा दिवा लावला आणि धाकटीने विचारलं, "नाना, हे टिकटिक काय वाजतंय?" घरी आल्यावर नाना मला म्हणाले, जन्मभर रिक्षात बसलो, वळणाच्या दिव्याला आवाज असतो हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. सुनेने त्या रात्रीच्या जेवणानंतर मोबाईल आपल्या हाताने चार्जिंगला लावून नानांच्या उशाशी ठेवला.

त्याच वर्गात पुन्हा बसायची वेळ आली नाही. धाकटी आता पहिलीत आहे, आणि तिला ऐकायची इतकी हौस आली आहे की ती गप्प बसत नाही. ॲप तिचं ती उघडते, धडा तिचा ती निवडते, आणि नाना शेजारी टेकले की म्हणते, "तुम्ही बसा बाहेर, मी करते." म्हणून नाना हल्ली संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसतात. परवा मी विचारलं, आज अभ्यास नाही का घेत? "आते तिले मन्ही गरज नही," ते म्हणाले. "बरं शे." थोड्या वेळाने, मी काही विचारलं नव्हतं तरी, पुन्हा म्हणाले, "बरं शे." भिंतीपलीकडे धाकटी मोठ्याने धडा वाचत होती. एका जोडाक्षराला ती अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडखळली. नाना गुडघ्यावर हात टेकून अर्धे उठले. तेवढ्यात तिने तो शब्द आपला आपण जुळवला आणि पुढे वाचू लागली. नाना क्षणभर तसेच राहिले, आणि मग हळूच खाली बसले.